‘तुटलेली पॅकेजे’ कोणी धरून ठेवली?

शाळेच्या संगणकखोलीत लिनक्सवर चालणारी यंत्रे असतील, तर तेथील शिक्षकाला एक वाक्य कधी ना कधी भेटतेच. एखादी नवी आज्ञावली बसवावी किंवा सगळी प्रणाली अद्ययावत करावी म्हणून आज्ञा द्यावी, पडद्यावर दहा-पंधरा ओळी सरकाव्यात आणि अखेरीस मजकूर यावा, की अडचणी दूर करता येत नाहीत, तुम्ही तुटलेली पॅकेजे धरून ठेवलेली आहेत. शिक्षक बुचकळ्यात पडतो. त्याने काहीच धरून ठेवलेले नसते आणि काही तुटल्याचेही त्याच्या पाहण्यात नसते.

एखादे पाठ्यपुस्तक हाती आले की आपण त्याचे परीक्षण करतो. मजकूर खरा आहे का, पुरेसा आहे का, वाचणाऱ्याला पुढची पायरी दिसते का, हे पाहतो. यंत्राच्या तोंडी घातलेला मजकूरही कोणीतरी लिहिलेलाच असतो. मग त्याला वेगळा न्याय का लावावा? या लेखात त्या एका वाक्याचे, आणि ते ज्या साधनातून येते त्या ‘ॲप्ट’ या साधनाचे, असेच परीक्षण करायचे आहे.

पॅकेज आणि त्याच्या अटी

प्रथम थोडी ओळख. डेबियन हा लिनक्सचा संच इयन मर्डॉक यांनी १९९३ मध्ये सुरू केला. उबुंटू, लिनक्स मिंट आणि आपल्याकडे सी-डॅकने तयार केलेली ‘बॉस’ ही प्रणाली, या साऱ्या डेबियनवर आधारलेल्या आहेत. डेबियनमध्ये प्रत्येक आज्ञावली ‘पॅकेज’ नावाच्या गठ्ठ्यात येते. गठ्ठ्यात आज्ञावलीच्या फाइली असतात, तसाच एक माहितीचा कागदही असतो. मला अमुक लायब्ररी लागते, तीही अमुक आवृत्तीची किंवा त्यापुढची. तमुक पॅकेज असेल तर मी त्याच्याबरोबर नांदू शकत नाही, अशा अटी त्या कागदावर लिहिलेल्या असतात. पहिल्या प्रकारच्या अटीला अवलंबन म्हणू, दुसऱ्या प्रकारच्या अटीला विरोध म्हणू.

एकेक गठ्ठा उघडून फाइली जागच्या जागी ठेवण्याचे काम ‘डीपीकेजी’ हे साधन करते. कोणते गठ्ठे, कोणत्या आवृत्तीचे आणि कोठून आणायचे, याची आखणी ॲप्ट करते. १९९९ साली डेबियनच्या २.१ या आवृत्तीत ॲप्ट दाखल झाली. त्यापूर्वी ही आखणी बरीचशी माणसालाच करावी लागे. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डेबियन १३ मध्ये सुमारे ७० हजार पॅकेजे आहेत. एवढ्या पसाऱ्यात परस्परांच्या अटी सांभाळून बहुतेक दिवस सर्व काही बिनबोभाट चालते. हे श्रेय ॲप्टला आधीच देऊन टाकले पाहिजे. आपली तक्रार आहे ती काम न जमल्यावर ॲप्ट काय बोलते याबद्दल.

एक छोटे उदाहरण

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. ‘शाळासंच’ नावाचे एक पॅकेज आहे. त्याला ‘नकाशा’ आणि ‘गणित’ ही दोन पॅकेजे लागतात. चित्रे काढण्यासाठी ही दोन्ही ‘रेषा’ या एकाच लायब्ररीवर अवलंबून आहेत. परंतु नकाशाला रेषाची आवृत्ती २ किंवा पुढची हवी, तर गणिताला २ च्या आतली हवी. एका वेळी रेषाची एकच आवृत्ती बसवता येते. आता आपण शाळासंच मागितला, तर काय होईल?

सारी परिस्थिती सहा विधानांत मांडता येते:

१. मला शाळासंच हवा आहे.
२. शाळासंचाला नकाशा लागतो.
३. शाळासंचाला गणित लागते.
४. नकाशाला नवी रेषा लागते.
५. गणिताला जुनी रेषा लागते.
६. नवी आणि जुनी रेषा एकत्र नांदत नाहीत.

ही सहाही विधाने एकाच वेळी खरी असू शकत नाहीत. आठवीच्या विद्यार्थ्यालाही हे पटवून देता येते. अधिक महत्त्वाची गोष्ट अशी, की यांतले कोणतेही एक विधान काढून टाकले तर उरलेली पाच सुखाने नांदतात. म्हणजे सहा विधाने हे अशक्यतेचे कारण आहेच, शिवाय ती सहा उपायांची यादीही आहे. शाळासंचाचा नाद सोडून त्यातले लागेल तेवढेच एक पॅकेज घ्यावे. शाळासंच बांधणाऱ्याला नकाशा किंवा गणित ऐच्छिक करण्यास सांगावे. जुन्या रेषेवर चालणारा नकाशा शोधावा. गणिताची नवी आवृत्ती येण्याची वाट पाहावी. किंवा रेषाच्या दोन आवृत्त्यांना वेगळी नावे देऊन त्या शेजारी शेजारी बसवण्याची सोय करावी. शेवटचा उपाय डेबियनमध्ये नेहमीचाच आहे. लायब्ररीचे बाह्य रूप बदलले, की तिच्या पॅकेजच्या नावातला आकडा बदलतात.

आता ॲप्टने वर्षानुवर्षे अशा वेळी काय छापले ते पाहा. शाळासंच गणितावर अवलंबून आहे, पण गणित बसवले जाणार नाही. त्याखाली शेवटचे वाक्य, तुम्ही तुटलेली पॅकेजे धरून ठेवलेली आहेत. झाले! रेषाचे नाव नाही, नकाशाचे नाव नाही. भांडण नकाशा आणि गणित यांचे, कारण रेषा, आणि उल्लेख मात्र एका पक्षाचाच. सहा विधानांपैकी आपल्या हाती आले ते केवळ तिसरे.

वाक्याचे परीक्षण

पहिला आक्षेप सत्यतेचा. ‘धरून ठेवणे’ याला या साधनात नेमका अर्थ आहे. एखादे पॅकेज अद्ययावत करू नकोस असे वापरणाऱ्याने सांगितले, की ते ‘होल्ड’वर आहे असे म्हणतात. धरून ठेवलेल्या पॅकेजांची यादी मागण्याची आज्ञाही आहे. वरील परिस्थितीत ती दिली तर यादी रिकामी येईल. म्हणजे यंत्र जे घडल्याचे सांगते ते घडलेलेच नाही. ‘तुटलेले’ या शब्दाचेही तेच. साधनाच्या अंतर्गत भाषेत, ज्याच्या अटी पुऱ्या होत नाहीत ते पॅकेज तुटलेले. वाचणाऱ्याला मात्र फाइल खराब झाली, डिस्क बिघडली, असे वाटते. तो पॅकेज पुन्हा उतरवून घेतो. पुन्हा तेच वाक्य.

दुसरा आक्षेप कारणाच्या अभावाचा. ‘गणित बसवले जाणार नाही’ हे कारण नव्हे, तो निष्कर्ष आहे. विद्यार्थ्याने उत्तरपत्रिकेत ‘हा त्रिकोण समभुज नाही, कारण तो समभुज असणार नाही’ असे लिहिले, तर आपण त्याला गुण देऊ का?

तिसरा आक्षेप दोष कोणाच्या माथी मारला याचा. ‘तुम्ही’ हा शब्द येथे अनावश्यक आहे. भांडण दोन पॅकेजांच्या लेखकांमधले असते आणि वापरणाऱ्याला मात्र आपल्या हातून काही चुकले असे वाटू लागते. नवख्या माणसाचा धीर खचतो तो येथे.

एक गोष्ट मात्र या मजकुराच्या बाजूने सांगितली पाहिजे. शेवटच्या वाक्याच्या बराच वर, सहसा कोणी न वाचणारा एक परिच्छेद असतो. आपण अशक्य गोष्ट मागितली असावी किंवा, अस्थिर शाखा वापरत असल्यास, लागणारी काही पॅकेजे अजून तयार झालेली नसावीत, असे त्यात म्हटलेले असते. हे विधान संयमी आहे, खरे आहे आणि दोन शक्यता वेगळ्या करून दाखवणारे आहे. मजकूर लिहिणाऱ्याला परिस्थिती नीट समजली होती याचा हा पुरावाच आहे. दुर्दैवाने चांगला परिच्छेद वर गेला आणि वाईट वाक्य शेवटी राहिले. पडद्यावर डोळा थांबतो तो शेवटच्या ओळीवर. लोक मदत मागताना तीच ओळ उतरवून देतात.

ॲप्टच्या मजकुराचे मराठी रूपांतरही झालेले आहे. मातृभाषेतून संगणक यावा या मताचे आपण सर्वच आहोत, म्हणून हे काम स्वागतार्ह. पण येथे अडचण इंग्रजीची नाही. मूळ वाक्यात कारण नसेल, तर भाषांतरात ते कोठून येणार?

हे अवघड आहे का?

ॲप्टचे कर्ते यावर म्हणू शकतील, की कारण शोधणे सोपे नाही. या म्हणण्यात तथ्य आहे. वरची सहा विधाने तर्कशास्त्रातल्या विधानांसारखीच आहेत. अशा विधानांचा संच एकाच वेळी खरा ठरू शकतो का, हा प्रश्न गणनशास्त्रात प्रसिद्ध आहे. स्टीफन कुक यांनी १९७१ मध्ये दाखवले, की हा प्रश्न एका मोठ्या कठीण वर्गाचा प्रतिनिधी आहे. त्याची सर्व उदाहरणे झटपट सोडवणारी रीत आजवर सापडलेली नाही. पॅकेज बसवता येईल का हा प्रश्नही त्याच वर्गात मोडतो, हे युरोपातील ‘ईडॉस’ या प्रकल्पातील संशोधकांनी २००६ मध्ये सिद्ध केले.

शिक्षकांना याचा अनुभव जूनमध्ये वेळापत्रक लावताना येतो. एक शिक्षक दोन वर्गांवर एकाच वेळी नको, प्रयोगशाळा एकच, पीटीचा तास शेवटी हवा. अटी थोड्या असेपर्यंत जमते. अटी वाढल्या, की एक तास हलवला तर चार बिघडतात. लागलेले वेळापत्रक बरोबर आहे का, हे तपासणे मात्र सोपे असते.

परंतु सर्वसाधारणपणे कठीण असलेला प्रश्न प्रत्यक्षातल्या उदाहरणांत बहुधा आटोक्यात येतो. ओपनसुसे या संचाने २००८ मध्येच तर्कविधाने सोडवणारा सॉल्व्हर पॅकेजांसाठी वापरात आणला. डेबियनमध्येही ‘ॲप्टिट्यूड’ नावाचे भावंड-साधन होतेच. एक तोडगा पसंत नसेल तर ते दुसरा सुचवते, आणि ‘हे पॅकेज का’, ‘हे का नाही’ असे प्रश्न त्याला विचारता येतात. म्हणजे कारण सांगणे अशक्य नव्हते. ते सांगण्याला महत्त्व दिले गेले नव्हते.

ही उणीव आता भरून निघत आहे. २०२५ मध्ये आलेल्या ॲप्टच्या ३.० या आवृत्तीबरोबर नवा सॉल्व्हर मिळाला. तो जेथे वापरला जातो तेथे अपयशाच्या वेळी परस्परविरोधी दोन निर्णय समोर मांडले जातात आणि प्रत्येकापाशी आपण कसे पोहोचलो त्याची साखळी क्रमांक घालून छापली जाते. थोडक्यात, आपली सहा विधाने. मांडणी अजून रुक्ष आहे. पण उत्तरपत्रिकेत पायऱ्या दिसू लागल्या, हा मोठा फरक आहे.

दोन घटना

मजकूर सुधारला की सारे सुधारते, असे मात्र नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये लायनस सेबॅस्टियन या कॅनडातील प्रसिद्ध संगणक-समीक्षकाने ‘पॉप ओएस’ या उबुंटूवर आधारित प्रणालीवर ‘स्टीम’ हे खेळांचे पॅकेज बसवण्याचा प्रयत्न केला. स्टीमला ३२-बिटी लायब्रऱ्या लागतात. ६४-बिटी यंत्रावर अशा लायब्ररीच्या दोन्ही प्रती ठेवता येतात, पण त्यांची आवृत्ती तंतोतंत एकच असावी लागते. त्या दिवसांत एका पॅकेजची नवी ३२-बिटी प्रत भांडारात पोहोचलीच नव्हती. ॲप्टला जो तोडगा सापडला त्यात स्टीम बसत होते, पण डेस्कटॉपच काढून टाकावा लागत होता. ॲप्टने तसे स्पष्ट सांगितले, धोक्याची सूचना दिली आणि पुढे जायचे असल्यास ‘होय, मी सांगतो तसे कर!’ या अर्थाचे इंग्रजी वाक्य अक्षर न अक्षर टंकण्यास सांगितले. त्याने ते टंकले. डेस्कटॉप गेला, उरला तो काळा पडदा आणि अक्षरे.

यावर तेव्हा दोन तट पडले. सूचना वाचली नाही, दोष वापरणाऱ्याचा, असे एक म्हणत. खेळ मागणाऱ्यापुढे डेस्कटॉप काढण्याचा पर्याय ठेवलाच का, असे दुसरे विचारत. माझे मत दुसऱ्यांच्या बाजूचे आहे. रोज निरर्थक सूचना देणाऱ्याची एक दिवस आलेली खरी सूचना कोणी गंभीरपणे घेत नाही. त्याच महिन्यात ॲप्टमध्ये बदल झाला. अत्यावश्यक पॅकेज काढून टाकणे हा तोडगा सॉल्व्हरने आपण होऊन सुचवू नये, असे ठरले. ही सुधारणा शब्दांची नव्हती, विचाराची होती.

दुसरी घटना २०२४ ची, आणि तिचे मूळ अंकगणितात आहे. संगणक १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद मोजतो. ही मोजणी ३२ बिटांच्या चिन्हांकित संख्येत ठेवली, तर २,१४,७४,८३,६४७ पर्यंतच जाता येते. तो क्षण येतो १९ जानेवारी २०३८ रोजी, भारतीय वेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांनी. त्यापुढे मोजण्यासाठी डेबियनने ३२-बिटी यंत्रांवरील काळाची संख्या ६४ बिटांची करायचे ठरवले. याला अपवाद ठेवला तो जुन्या इंटेल पद्धतीच्या ३२-बिटी यंत्रांचा, जुन्या आज्ञावल्या त्यांवर चालत राहाव्यात म्हणून. लायब्रऱ्यांचे बाह्य रूप बदलल्याने शेकडो पॅकेजांच्या नावांना ‘टी६४’ असे शेपूट जोडले गेले. जुन्या आणि नव्या नावाच्या पॅकेजांतल्या फाइली एकाच जागी बसणाऱ्या, त्यामुळे दोन्ही एकत्र राहू शकत नव्हती. नावे सर्व प्रकारच्या यंत्रांसाठी समान असल्याने, ज्यांना २०३८ ची मुळीच भीती नव्हती अशा ६४-बिटी यंत्रांवरही हे नामांतर झाले. २०२४ च्या वसंतात डेबियनची अस्थिर शाखा वापरणाऱ्यांनी अद्ययावत करण्याची आज्ञा दिली, की काढून टाकायच्या पॅकेजांची लांबच लांब यादी समोर येई.

येथे चूक कोणाचीच नव्हती. आणि योग्य उपाय होता तो म्हणजे ‘नाही’ म्हणून काही दिवस थांबणे, सर्व पॅकेजे नव्या नावांवर बांधून होईपर्यंत. पण कारण माहीत नसेल तर थांबणे हा उपाय आहे, हे कळणार कसे?

मंत्र आणि रीत

टीकेचा शेवटचा भाग साधनाबद्दल नाही, आपल्याबद्दल आहे. अशी अडचण आली की आपल्याला मंत्र सांगितले जातात. ही आज्ञा दे, मग ती, नाही जमले तर जबरदस्तीची खूण जोडून पुन्हा दे. कधी कधी गुण येतो. पण अवलंबन दुर्लक्षून पॅकेज बसवणे म्हणजे फ्यूज वारंवार जातो म्हणून तेथे जाड तार लावण्यासारखे आहे. दिवा लागतो, आणि दोष भिंतीच्या आत शिल्लक राहतो.

मंत्राऐवजी रीत शिकवावी. मजकूर वरून खाली वाचावा. ज्या पॅकेजचे नाव आले, ते एकटे मागून पाहावे, म्हणजे साखळीची पुढची कडी दिसते. अशा रीतीने भांडणाच्या मुळाशी, आपल्या उदाहरणातल्या रेषेपर्यंत, पोहोचता येते. मग त्या लायब्ररीच्या कोणत्या आवृत्त्या कोणत्या भांडारातून येत आहेत, हे ‘ॲप्ट-कॅश पॉलिसी’ या आज्ञेने पाहावे (आज्ञा अर्थात रोमन अक्षरांत द्यायची). बाहेरचे एखादे भांडार जोडलेले असेल तर पुष्कळदा उलगडा येथेच होतो. खरोखर काही धरून ठेवले आहे का, ते ‘ॲप्ट-मार्क शोहोल्ड’ने तपासावे. प्रत्यक्ष बदल करण्यापूर्वी नुसती रंगीत तालीम करण्याची सोय आहे, ती वापरावी, आणि काढून टाकायच्या पॅकेजांची यादी पूर्ण वाचल्याशिवाय होकार देऊ नये. एका वेळी एकच बदल करावा आणि तो वहीत टिपावा. प्रयोगशाळेत आपण विद्यार्थ्यांना वेगळे काय सांगतो?

ही कटकट मुळातूनच का टाळू नये, असा प्रश्न कोणी विचारील. प्रत्येक आज्ञावलीने आपल्या लायब्रऱ्या बरोबर आणाव्यात, असा मार्ग आहेच. फ्लॅटपॅक, स्नॅप यांसारख्या पद्धती बव्हंशी त्या वाटेने जातात. भांडणे कमी होतात, जागा अधिक लागते. पण खरी किंमत वेगळी आहे. एप्रिल २०१४ मध्ये ओपनएसएसएल या लायब्ररीतला ‘हार्टब्लीड’ नावाचा गंभीर दोष उघड झाला. ज्या यंत्रांवर ही लायब्ररी सामाईक होती, तेथे एक पॅकेज बदलून संबंधित सेवा पुन्हा सुरू केल्या, की त्यावर विसंबलेल्या साऱ्या आज्ञावल्या सुरक्षित झाल्या. प्रत्येकाने आपापली प्रत बाळगली असती, तर प्रत्येकाच्या दुरुस्तीची वेगळी वाट पाहावी लागली असती. सामाईक विहिरीवर भांडणे होतात हे खरे, पण पाणी शुद्ध करायचे झाले तर एकच विहीर शुद्ध करावी लागते.

तेव्हा निर्णय असा. ॲप्ट हे उत्तम साधन आहे आणि त्याची आखणीची बाजू कौतुकास्पद आहे. त्याची बोलण्याची बाजू मात्र दीर्घकाळ सदोष राहिली. जे कारण सांगता आले असते ते त्याने सांगितले नाही, आणि जो दोष वापरणाऱ्याचा नव्हता तो त्याच्या माथी मारला. आता त्यात सुधारणा होत आहे. शिक्षकांनी तिचा उपयोग करून घ्यावा. पुढच्या वेळी संगणकखोलीत असे वाक्य आले, तर यंत्र लगेच बंद करू नये. मजकूर फळ्यावर उतरवून घ्यावा आणि नववी-दहावीच्या मुलांना त्यातून विधाने वेगळी काढायला सांगावे. कोणते विधान सोडले असता बाकीची नांदतील, हे त्यांनाच शोधू द्यावे. वरचे शाळासंचाचे उदाहरण सुरुवातीला पुरेसे आहे. मग त्यात ‘कोश’ नावाचे तिसरे पॅकेज घाला, जे रेषाच्या कोणत्याही आवृत्तीवर चालते, आणि शाळासंचाला तेही लागते असे माना. उपायांची यादी बदलते का, हे मुलांना विचारा.